नऊ महिने म्हणजे नऊ महिने

दांडिया बाजार, बडोदे
23 सप्टेंबर 2025

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "मी कॅम्पला येते असं कळवून टाकलंय," आणि माझा आवाज चढला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. रात्रभर झोप लागली नाही. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले. मामाच्या पत्त्यावर पाठवतेय. पूर्ण वाच, मग रागाव.

10 ऑक्टोबरला तुझा फुटबॉलचा कॅम्प. गुडघ्याचं ऑपरेशन झालं 25 फेब्रुवारीला. म्हणजे साडेसात महिने. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि नऊ झाले तरी चाचण्या पास झाल्याशिवाय नाही. तेव्हा तू मान डोलावलीस. मीही डोलावली. आता संघाकडून निरोप येतो की या तारखेला आली नाहीस तर दुसरी मुलगी घेऊ, आणि तुझ्या लेखी डॉक्टरांचं बोलणं हवेत विरून जातं.

तुझा गुडघा गेला त्या सामन्याची ती चौदा सेकंदांची क्लिप माझ्या फोनमध्ये अजून आहे. तुला वाटतं मी पुसली. तू उजवीकडून आत येतेस, समोर त्यांची उंच सेंटर-बॅक, मधली बचावपटू. तू खांद्याने हूल देतेस आणि डावा पाय रोवून वळतेस. कुणी धक्का दिला नाही, कुणाचा पाय मध्ये आला नाही. पाय तिथेच राहिला, अंग वळलं, गुडघा आत गेला. मला आधी वाटायचं की कुणीतरी पाडलं असणार. नंतर कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, बहुतेक वेळा असंच जातं, कुणी हात न लावता. आणि मुलींचं मुलांपेक्षा कितीतरी जास्त जातं.

क्लिपमध्ये नाही ते मला तू सांगितलंस. कुणीतरी स्प्रे मारला, "चालतंय ना? जा" म्हणाले, आणि तू अजून अकरा मिनिटं खेळलीस. त्या अकरा मिनिटांत गुडघा पुन्हा सटकला आणि आतली गादी, मेनिस्कसही फाटली. लिगामेंट गेलं ते नशीब म्हणू. गादी गेली ती घाईने.

आणि घाई फक्त त्यांचीच होती असं मी म्हणणार नाही. तू सतरा वर्षांची असताना घोटा सुजला होता, आठवतं? दुसऱ्या दिवशी फायनल होती. मी आंबेहळद उगाळून लावली, पट्टी बांधली आणि म्हटलं, "एवढ्याने काय होतंय, मी खो-खो खेळायचे तेव्हा अशी कितीदा पडले." तू गेलीस, गोल केलास, कप आणलास, आणि मी सगळ्या आळीत पेढे वाटले. तो घोटा दीड महिना दुखत होता. तुला मैदानात पाहायची हौस माझी होती, मनू. दुखणं बाजूला सारून खेळायचं ही सवय तुला माझ्याकडून लागली. म्हणून आज "नको" म्हणायचं कामही माझंच.

तू इथे होतीस तेव्हा दर रविवारी मी तुझी मांडी मोजायचे, माझ्या शिवणाच्या डब्यातल्या टेपने. फिजिओने शिकवलं होतं: गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर पेनाने खूण, स्नायू सैल सोडायचा, टेप आवळायची नाही. आकडे कालनिर्णयच्या मागे लिहिलेत. मार्चमध्ये उजवी 49, डावी 45.5. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी टेप पुन्हा लावली, मला वाटलं माझंच चुकलं. ज्या पायाने तू पोलो ग्राउंडवर पोरांच्या पुढून बॉल काढून न्यायचीस, त्या पायाचा साडेतीन सेंटिमीटर मांसल भाग पाच-सहा आठवड्यांत नाहीसा झाला होता. तू मान भिंतीकडे फिरवली होतीस. मे मध्ये 46.2. जूनमध्ये पावसाने जाणं-येणं बंद झालं आणि दोन आठवडे आकडा हलला नाही. जुलैअखेर 47.1. मग तू पुण्याला गेलीस. आता मामी सांगते 47.8 झालाय. किती मेहनत घेतलीस ते मला माहीत आहे, उगाच लिहीत नाही. पण 47.8 म्हणजे 49 नव्हे. परवाच्या हॉप टेस्टमध्ये उजव्या पायावर 161 सेंटिमीटर उडी आणि डाव्यावर 128. डावी उजवीच्या ऐंशी टक्केही नाही, निदान नव्वद हवेत. हे आकडे तूच पाठवलेस आणि त्याच संध्याकाळी कॅम्पला होकार कळवलास.

मी थोडं वाचलंय, तिथल्या फिजिओशीही फोनवर बोलले. मांडीच्या मागची स्नायूची दोरी, टेंडन, काढून गुडघ्यात बसवली की ती लगेच लिगामेंट होत नाही. आधी ती कमजोर पडते, मग तिच्यात रक्तवाहिन्या जातात आणि हळूहळू ती तिथली होते. त्याला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सूज आणि दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी जातं. म्हणून तुला वाटतं की सगळं ठीक आहे. तुला खरंच ठीक वाटतंय, तू खोटं बोलत नाहीस. पण आत काय चाललंय ते बाहेरून वाटण्यावरून कळत नाही. सहाव्या महिन्यापासून नवव्यापर्यंत परतणं जितकं पुढे ढकलाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याच्या आसपास खाली येतो, असं एका अभ्यासात निघालंय. तू नेमका त्यातला दीड महिना सोडून द्यायला निघालीस.

आणि तू स्ट्रायकर आहेस. गोलकीपर असतीस तरी मी हेच लिहिलं असतं, पण तुझं काम जास्तच गुडघ्यावर चालतं. तुझे सामने बघताना मी बॉल सोडून तुला बघायला शिकले. पूर्ण नव्वद मिनिटांत बॉल तुझ्या पायाशी जेमतेम एक-दोन मिनिटं असतो. बाकी वेळ तू चालतेस, मान वळवून मागे बघतेस, दोन डिफेंडरच्या मधे उभी राहतेस, ऑफसाइडच्या रेषेवर थांबतेस, आणि मग एकदम सुटतेस, थांबतेस, वळतेस, उडी मारून एका पायावर उतरतेस. बॉल येवो न येवो, हे प्रत्येक वेळी करायचं. खाली गरबा चालू आहे. शेजारच्या बेनची नात गिरकी घेते तेव्हा मला नुसता तिचा टेकलेला पाय दिसतो, आणि मी खिडकीतून आत येते. तुला मैदानात एका सामन्यात अशा किती गिरक्या, त्याही कुणीतरी अंगावर धावून येत असताना. पाय अर्धवट घेऊन गेलीस तर फाटेल ही एक भीती. दुसरी अशी की फाटणार नाही, पण डाव्या पायावर वळायचंच तू सोडून देशील. डिफेंडरना ते चार सामन्यांत कळेल.

तू म्हणतेस वय चाललंय. बावीस! बाला देवी ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे गेली जानेवारी 2020 मध्ये, तिसाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी. परदेशात व्यावसायिक करार मिळालेली पहिली भारतीय फुटबॉलपटू बाई, आणि तीही स्ट्रायकर. पुढे तिचाही गुडघा गेला. ती थांबली, परतली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारतासाठी पन्नासावा गोल केला. तेव्हा ती चौतिशीत होती. तुझ्या खोलीत तिचं चित्र आहे, मी फक्त तारखा जोडून दाखवतेय.

आणि तुझी ती नॉर्वेची, आदा हेगरबर्ग. 2018 ला बायकांचा पहिला बॅलन डी'ऑर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तिला मिळाला आणि स्टेजवर सूत्रसंचालकाने तिला कंबर हलवून नाचता येतं का विचारलं. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, रागाने जेवली नव्हतीस. तिचं लिगामेंट जानेवारी 2020 मध्ये गेलं. परतली ऑक्टोबर 2021 मध्ये. वीस महिन्यांहून जास्त, मनू, ल्योंसारख्या मोठ्या क्लबात असून. आणि मे 2022 ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये बार्सिलोनाविरुद्ध तिने गोल केला. ऑस्ट्रेलियाची स्ट्रायकर सॅम कर (Kerr) तर असाच गुडघा जाऊन याच महिन्यात चेल्सीसाठी परत उतरली, वीस महिन्यांनी, आणि त्याच दिवशी गोल केला. तूच मला तो व्हिडिओ पाठवलास, सोबत लाल हृदयं. तिचे वीस महिने तुला कौतुकाचे वाटतात आणि स्वतःचे नऊ जड होतात.

हो, त्यांच्यामागे मोठे क्लब आहेत, पगार चालू असतो, हे मला समजतं. तुझा करार एका हंगामाचा. तुझ्या जागी दुसरी आली तर ती गोल करेल, आणि मग तुला कोण बोलावणार, ही धाकधूक खरी आहे. मी ती खोटी ठरवत नाही. जागा जाऊही शकते. पण बावीसाव्या वर्षी गेलेली जागा पुन्हा मिळते. दुसऱ्यांदा फाटलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, आणि मग परत येणाऱ्या मुली आणखी थोड्या.

पैशाचं मी आणि बाबांनी बसून पाहिलं. फिजिओचे आठवड्याला तीन दिवस, तुझा खुराक, मामीला नको असलं तरी द्यायचे ते, सगळं धरून मार्चपर्यंत चालेल. त्याचा विचार तू करू नकोस.

संघाला मी फोन करणार नाही, तुझी मान खाली जाईल असं काही करायचं नाही. तू स्वतः लिही. साधं लिही: सर्जनने 25 नोव्हेंबरच्या आधी परवानगी दिलेली नाही, चाचणीचे आकडे सोबत जोडतेय, तोपर्यंत मी कॅम्पला येऊन जिममध्ये आणि मैदानाबाहेर जे सांगाल ते करीन, सामना खेळणार नाही. ते हो म्हणाले तर जा, माझी काही हरकत नाही. आणि गेलीस तर वॉर्म-अपचं बोल. मैदानाला दोन फेऱ्या आणि थोडं स्ट्रेचिंग, याला वॉर्म-अप म्हणत नाहीत. फिफाचा तो 11+ वीस मिनिटांचा आहे, त्याला वेगळं सामान लागत नाही, आणि नियमित केला तर दुखापती खरंच कमी होतात. कोच करून घेत नसतील तर तू दोन मुली घेऊन बाजूला कर. ज्युनिअर मुली तुझ्याकडे बघतात.

जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशिया कपमध्ये जागा मिळवली, तेव्हा तू मामाच्या हॉलमध्ये ओरडलीस आणि मग अर्धा तास बाथरूममध्ये रडत होतीस. मामीने सांगितलं मला. तिथे असायला हवी होतीस, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

तुझे बूट मी बाल्कनीतून आत आणले. तळाला अजून त्या मैदानाची माती होती, तांबडी, वाळून दगड झालेली. आज जुन्या टूथब्रशने एकेक स्टड साफ केला. कुरियरने पाठवणार नाही. 25 नोव्हेंबरनंतर मी स्वतः घेऊन येते.

येत्या रविवारी मामीकडून टेप घे, पंधरा सेंटिमीटरवर खूण कर आणि दोन्हीकडचे आकडे फोनवर सांग. सकाळी दहाला मी कालनिर्णय समोर घेऊन बसते.

तुझी,
आई