माउसवरून हात काढणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि तुमच्या त्या तापकीर गल्लीतल्या टीचभर दुकानाच्या पाटीवर ‘रिपेअरिंग करून मिळेल’ एवढंच लिहिलंय, म्हणून दादा. वयाने तुम्ही माझ्याहून २० वर्षांनी तरी लहान असाल, पण तुम्ही मला ताई म्हणालात ना, मग मी पण दादाच म्हणणार. हल्ली काउंटरच्या पलीकडून ताई ऐकू येतच नाही हो, डायरेक्ट काकू, आणि केस रंगवायचे राहिले असतील तर आजी.

तुम्हाला त्या रात्री मी धड थँक्यू पण म्हटलं नाही. दारात उभी राहून नुसती ‘पाणी घ्या ना, पाणी घ्या ना’ करत होते. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी आधी मला पळवून लावलं त्यांच्यापैकी कोणी वाचलं तर वाचू दे.

तर मूळ गोष्ट अशी की माझ्या आईच्या ओव्या. दिवाळीच्या आधी भाजणी जात्यावरच दळायची असा तिचा हट्ट, गिरणीतून आणलेली तिला चालायची नाही, आणि दळायला बसली की गळा सुटायचा. बाबा गुपचूप टू-इन-वन, म्हणजे तो रेडिओ-टेपरेकॉर्डर, आणून दाराआड ठेवायचे आणि रेकॉर्ड करायचे. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर, पण आमच्या पेठेतल्या वाड्यात कोण येणार, आईच्या वाट्याला बाबा आणि त्यांच्या कॅसेट्स. १९ कॅसेट्स, ६० मिनिटंवाल्या. त्यात ओव्या आहेत, कुकरच्या शिट्ट्या आहेत, आणि मधेच आई ‘अहो बंद करा ते, दूध बघा उतू जाईल’ म्हणते ते पण आहे. ते मला ओव्यांपेक्षा जास्त आवडतं, खरं सांगते.

आई जाऊन २ वर्षं झाली. भाच्याने बेंगलोरला जायच्या आधी बसून सगळ्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर चढवून दिल्या, तेव्हाच त्यांना बुरशी लागलेली होती, काहींची तर टेप वाजता वाजता तुटली, म्हणजे आता त्या परत वाजणार नाहीत. एक कॉपी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर केली होती ती साफसफाईत माझ्याच हातून टेबलावरून पडली आणि टकटक आवाज करून गप्प झाली. तेव्हापासून माझी झोप उडालेली. त्यात कराडच्या मावशीचा धोशा, मला ताईचा आवाज ऐकव. तिचं वय ८२, मोबाइल कानाला लावण्यापलीकडे जमत नाही, पण तिच्याकडे डीव्हीडी प्लेयर आहे आणि रिमोटवरचं एक बटण तिला पक्कं माहितीय. म्हणून मी ठरवलं की डिस्क बर्न करायच्या, म्हणजे ओव्या डीव्हीडीवर उतरवायच्या, आपल्याला बॅकअप आणि मावशीला ओव्या.

आणि मग जे काय सुरू झालं ना! बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर आणला, ५० डिस्कचा डबा आणला. डब्यावर ४.७ जीबी आणि कॉम्प्युटर दाखवतो ४.३८, इथूनच मला वाटायला लागलं की आपल्याला फसवलंय. (हे तुम्हीच नंतर हसत हसत समजावलंत, डबेवाले हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने, माल तेवढाच.) पहिली डिस्क टाकली, पॉवर कॅलिब्रेशन एरर. दुसरी, तेच. तिसरी ९० टक्क्यांपर्यंत गेली, मी देवाला हात जोडून बसलेली, आणि तिथे थोबाड फोडून घेतलं. चौथी म्हणे सक्सेसफुल, मी आनंदाने शेजारी पेढे वाटायचीच बाकी होते, लावून बघितली तर तिसऱ्या फाइलला अडकली ती अडकलीच. अशा ११ डिस्क गेल्या. त्या आता बाल्कनीत दोऱ्याला टांगल्यात, कबुतरं येत नाहीत, तेवढाच उपयोग.

आता ज्यांच्याकडे आधी गेले त्यांचं. नावं नाही घेत, घ्यायची इच्छा खूप आहे. एक मोठं काचेचं दुकान, एसी वगैरे, तिथल्या मुलाने मान वर न करताच ‘काकू, डिस्क आता कोण वापरतं?’ अरे बाबा मी वापरते, म्हणून तर आले. दुसऱ्याकडे रायटर ठेवून घेतला ३ दिवस, परत देताना म्हणाला आमच्याकडे व्यवस्थित चालतोय, तपासणीचे ३०० रुपये. मी म्हटलं मग माझ्याकडे का चालत नाही, तर म्हणे मग तुमचा कॉम्प्युटर गेलाय, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.

फॉरमॅट मारून देतो. इतक्या सहज, जसं काही लादी पुसून देतो. आत काय आहे, कुठे ठेवलंय का दुसरीकडे, काही विचारलं नाही. आणि दादा मी तर हो म्हणून आले होते! रिक्षात सीपीयू घालून न्यायचाच होता, पाऊस होता म्हणून राहिलं. तो पाऊस आला नसता तर. मला आत्ता लिहिताना पण पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे मी खरं तर मिक्सरचं भांडं घ्यायला त्या गल्लीत आले होते आणि रायटर पिशवीत होता म्हणून सहज विचारलं. तुम्ही लावून बघितलात, एक डिस्क तुमच्याच ड्रॉवरमधली घालून बर्न पण केलीत, झाली. मला वाटलं आता परत तेच ऐकायचं, आमच्याकडे चालतोय. पण तुम्ही विचारलंत, ‘ताई, घरी हा कशाला जोडता?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं ते चार तोंडांचं असतं ना, कॉम्प्युटरच्या एका यूएसबीवर चार वस्तू लागतात ते, त्याला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि हा. तुम्ही फक्त ‘हं’ म्हणालात आणि म्हणालात दुकान बंद करून जाताना येतो, वाटेतच आहे. पुण्यात कोणी येतो म्हटलं की येतंच असं नाही, म्हणून मी कुकर लावून टाकला होता. पावणेनऊला बेल वाजली.

आणि आता ती गोष्ट ज्यासाठी हे सगळं पत्र. तुम्ही खुर्चीवर बसलात, माउसवर हात ठेवलात, स्क्रीनवर आईच्या नावाचा फोल्डर होता. तुम्ही विचारलंत, ‘याची दुसरी कॉपी आहे ना घरात?’ मी म्हटलं नाही. आणि तुम्ही माउसवरून हात काढून घेतलात. म्हणजे अगदी चटका बसल्यासारखा. म्हणालात, ‘मग आधी कॉपी, बाकीचं नंतर.’ शर्टाच्या खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढलात, मागे लावलात, आणि २० की २५ मिनिटं आपण दोघं नुसती ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसलो. तुम्ही दिवसभर दुकानात उभे, घरी जेवायला वाट बघत असणार कोणीतरी, फोन पण आला होता तुम्हाला, ‘येतो, अर्धा तास’ म्हणालात. कॉपी झाली, तुम्ही ३-४ फाइल्स उघडून जरा जरा वाजवून बघितल्यात, मग पेनड्राइव्ह माझ्याच हातात दिलात. मी कुठलंतरी लग्नाच्या आहेराचं पाकीट शोधून त्यात ठेवला. तेव्हा कुठे तुम्ही परत माउसला हात लावलात.

बास, एवढंच. रोग काय होता ते त्यामानाने किरकोळ निघालं. तुमच्याच भाषेत, एका नळावर चार घरं. कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या एका तोंडातून मोजका करंट मिळतो, ५०० मिलीअँपिअर म्हणालात बहुतेक, आणि तो पण मी चौघांत वाटून टाकलेला, वरच्या मजल्याला पाणी चढणार कसं. डिस्क वाचायला थेंबभर पुरतो म्हणून गाणी वाजायची आणि मला वाटायचं रायटर चांगलाय, पण लिहिताना लेझरला डिस्कवरचा रंगाचा थर तापवायला लागतो, तिथे धार हवी. आणि ती एरर पण तेच सांगत होती हो! लिहायच्या आधी तो म्हणे डिस्कच्या आतल्या कडेला लेझर किती जोरात मारायचा याची चाचणी घेतो, ती चाचणीच नापास होत होती. पॉवर शब्द तर सरळ लिहिला होता, आम्ही सगळे डिस्कला आणि नशिबाला शिव्या देत बसलो.

वर रायटरच्या वायरला दोन टोकं, दुसरं मी स्पेअर समजून रबरबँड लावून ठेवलेलं. तुम्ही ते रबरबँड काढलंत तेव्हा हसला नाहीत, याचे वेगळे आभार. दोन्ही टोकं थेट सीपीयूच्या मागे लावलीत, स्पीड ८ वरून ४ वर आणलात, बर्न झाल्यावर व्हेरिफाय करायची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायची, ती खूण करून ठेवलीत, ती मी कधी केलीच नव्हती म्हणून चौथी डिस्क मला गंडवून गेली. पहिली डिस्क बाहेर आली, वाजली. मी तिथेच बॉलपेननं आईचं नाव लिहायला घेतलं तर तुम्ही घाईघाईनं मार्कर पुढे केलात.

पैसे विचारले तर १५०. मी ५०० ची नोट पुढे केली तर सुट्टे काढून मोजून परत दिलेत.

तुम्ही गेल्यावर मी विचार करत बसले की हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील. मग आठवलं, आमच्या लहानपणी शनिपाराजवळ एक शिंपी होते, कापडाला कात्री लावायच्या आधी टेप घेऊन एकदा परत मोजायचे, आई म्हणायची अहो मघाशी मोजलंत की, तर ते म्हणायचे वहिनी, कापड तुमचं आहे. तसेच आमचे जुने डॉक्टर, इंजेक्शन देण्याआधी बाटली उजेडात धरून नाव वाचायचे, रोजचीच बाटली असली तरी. या लोकांना आपल्या वस्तूची आपल्याइतकीच भीती वाटते. हुशार माणसं पुण्यात ढिगानं आहेत, गल्लीत दगड मारला तर इंजिनियरला लागेल, पण अशी भीती वाटणारी कमी झालीत की मलाच भेटत नाहीत, माहीत नाही. काचेच्या दुकानातला तो मुलगा पण वाईट नसेल, त्याला कोणी शिकवलं नसेल. असो, त्याच्यावर माझा राग आहे तो आहे.

जाता जाता जिन्यात तुम्ही म्हणालात, ताई, तीन कॉपी ठेवा, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि एक दुसऱ्या घरी. मी हो हो म्हटलं पण तो ‘दुसऱ्या घरी’ शब्द माझ्या डोक्यात रात्रभर फिरत राहिला. का ते तुम्हाला सांगायचंय. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा आई-बाबा नदीजवळच्या वाड्यात राहायचे, लग्नाला ३ वर्षं झालेली. दोघं नेसत्या कपड्यांवर बाहेर पडली. लग्नाचे फोटो, आईच्या आईचा एकमेव फोटो, सगळं ट्रंकेत होतं आणि ट्रंक गेली. आई शेवटपर्यंत म्हणायची, एक तरी फोटो कराडला धाकटीकडे दिला असता तर. तर ती धाकटी म्हणजेच ही मावशी.

तुम्ही गेल्यावर उरलेल्या डिस्क मी एकटीनं बर्न केल्या, एकही गेली नाही. ३-३ डीव्हीडींचे २ संच. मावशीला वाजवायला साध्या ऑडिओ सीडी वेगळ्या, त्या तिच्या प्लेयरवर नक्की चालतील म्हणून. शनिवारी एसटीने कराडला जाऊन एक संच तिच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि सीडी लावून दिली. दुधाची ओळ आली तेव्हा मावशी उठून स्वयंपाकघराकडे बघायला लागली.

दादा, तुमचा पेनड्राइव्ह अजून त्या आहेराच्या पाकिटातच आहे. मी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा दुपारी आले, माझीच चूक, दुपारी पुण्यात कोण उघडं असतं. या गुरुवारी संध्याकाळी येते. सोबत भाजणीचा डबा आहे. जात्यावरची नाही, गिरणीतली आहे, आईला सांगू नका.

तुमची,
चार तोंडांच्या वायरवाली ताई