स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सादर नमस्कार.

ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या कार्यालयात, टेबलावरच्या पाटीवर तुमचं नाव वाचलं आहे, पण इथे लिहीत नाही. एखादा माणूस मन लावून काम करतो हे चारचौघांत कळलं, की आपल्याकडे बाकीच्यांच्या फाइलीही त्याच्याच टेबलावर येऊन पडतात. ते पाप माझ्या माथी नको. पत्र वाचून तुम्हाला कळेलच कोणाबद्दल आहे ते.

परवा बँकेचा मेसेज आला. बेरोजगार भत्ता जमा झाला, साधारण साडेसव्वीस हजार. बायकोनं तो मेसेज मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. थकलेलं घरभाडं आणि मुलीची फी यातच तो संपला, पण उसने न घेता संपला. गेल्या काही महिन्यांत घरात असं पहिल्यांदाच घडलं.

खरं तर हा पैसा माझाच. माझा पगार १८ हजार. त्यातून दर महिन्याला १३५ रुपये ईएसआयचे कापले जायचे, कॉन्ट्रॅक्टरनं आपले ५८५ घालून भरायचे. इतकी वर्षं ही कपात म्हणजे खोकला-तापाच्या औषधांसाठी, असंच आम्ही सगळे समजत होतो. नोकरी गेली तर याच विम्यातून ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईचा काही भाग मिळतो, ही अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, कोविडच्या काळात २०२० मध्ये तो भाग २५ वरून ५० टक्के केला, हे कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या लाइनवर एकालाही ठाऊक नव्हतं. सांगणार कोण? ज्यांनी सांगायचं त्यांचा फायदा आम्ही गप्प असण्यात.

आता त्यांच्याबद्दल थोडं बोलू द्या, त्याशिवाय मला तुमचे आभार नीट मानता येणार नाहीत.

कॉन्ट्रॅक्टर फार गोड बोलायचा. दसऱ्याच्या पूजेला मला पुढे बोलवायचा, "तुम्ही तर आमच्या घरचेच" म्हणायचा. ऑर्डर कमी झाल्या आणि सप्टेंबरच्या शेवटी आमचे गेटपास बंद झाले, तेव्हाही चहा पाजून पाठवलं. नंतर त्याचा फोन लागेना. त्याचं ऑफिस म्हणायचं पीएफ-ईएसआयचं सगळं कन्सल्टंट बघतात, कन्सल्टंट म्हणायचे ऑफिसला विचारा. युनियनवाल्यांनी "तुम्ही परमनंट नाही" एवढं सांगून विषय संपवला. अर्ज भरून देणाऱ्या 'ऑनलाइन'वाल्यानं ५०० रुपये घेतले, अर्ज नामंजूर झाल्यावर "वरून रिजेक्ट आलंय" म्हणाला. वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नसावं. राहता राहिले नातेवाईक. ते तर तयारच होते, "सरकारी काम अन् सहा महिने थांब."

एवढ्या सगळ्यांपैकी एकानंही मला 'का' ते सांगितलं नाही.

तुमच्यासमोर आलो तेव्हा मी आधीच हात जोडले होते. इतक्या दारांत उभं राहिल्यावर तशी सवय लागते. तुम्ही त्याकडे लक्षच दिलं नाहीत. विमा क्रमांक विचारलात, टाइप केलात, थोडा वेळ वाचलंत. आता "होत नाही काका" ऐकायचं, म्हणून मी पिशवी उचलायला लागलो. (अजून पंचेचाळिशी गाठलेली नाही, पण काका म्हणालात तेही चालेल.) आणि तुम्ही तो जड, जुना मॉनिटर दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे फिरवलात. मागची वायर अडकली, तुम्ही उठून ती सोडवलीत आणि पुन्हा फिरवलात. "हे बघा," म्हणालात, आणि पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवत खाली आलात. एप्रिल, २६ दिवस. मे, २६ दिवस. जून, शून्य. जुलै, शून्य. ऑगस्ट, शून्य. सप्टेंबर, शून्य.

"एप्रिल ते सप्टेंबरमध्ये निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. तुमची ५२ दिसतेय. म्हणून नामंजूर झालं. या चार महिन्यांत कामावर होतात का?"

होतो म्हणजे काय! चारही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा पिशवीत होत्या, प्रत्येकीवर १३५ रुपये कापलेले. त्या आधी कोणी मागितल्याच नव्हत्या. तुम्ही त्या टेबलावर हातानं सपाट केल्यात, स्क्रीनशी ताडून पाहिल्यात आणि म्हणालात, "यात तुमची काही चूक नाही."

मॅडम, तुमच्या दृष्टीनं ते रोजचंच वाक्य असेल. पण घरी बसलेल्या माणसाला सगळेच काहीतरी चुकलंय अशा नजरेनं बघतात, आणि हळूहळू तोही स्वतःकडे तसंच बघायला लागतो. रात्री जागा राहून मी हिशोब करायचो, कुठला कागद राहिला, कुठे सही चुकली. त्या चार शून्यांनी माझी झोप परत आणली. पैसे मिळायला पुढे बराच काळ गेला, पण झोप त्याच रात्री लागली.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. कॉन्ट्रॅक्टरला तुमच्या कार्यालयातून पत्र गेलं आणि आमचे फोन न उचलणारा माणूस स्वतः फोन करायला लागला. वर्गणी व्याजासकट भरली गेली, अर्ज पुन्हा केला, मंजूर झाला. मग पैसे बँकेतून परत फिरले, कारण बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि आयएफएससी कोड जुनाच लागला होता. तेही मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही फोन करून नव्या पासबुकाची झेरॉक्स मागितलीत. मी आपणहून विचारायला येण्याआधी! सरकारी कचेरीतून असा फोन येतो हे मी आमच्या गल्लीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नाही.

एक गोष्ट लिहू का? रागावू नका. तुम्ही एकदाही हसला नाहीत. पाणी विचारलं नाहीत, धीर दिला नाहीत, "बघू, करू" म्हणाला नाहीत. दुसऱ्या खेपेला मी उगाच जास्त बोलायला लागलो तर "काका, मागे लाइन आहे" म्हणून उठवलंत. मला ते आवडलं. गोड बोलणारी माणसं मला खूप भेटली होती. एसटीतले काही कंडक्टर असतात, राहिलेले सुट्टे पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतात, अख्ख्या रस्त्यात कोणाशी धड बोलत नाहीत, पण तुमचा थांबा आला की हाक मारून पाच रुपये हातावर ठेवतात. त्यांचे आभार कोणी मानत नाही. मीही कधी मानले नव्हते, आता मानतो. समोरच्याचं जे आहे ते त्याला नीट देणं, त्याचा कागद पूर्ण वाचणं, नाही म्हणायचं असेल तर कारण सांगणं, इतकं केलं तरी माणूस कचेरीतून ताठ मानेनं बाहेर पडतो. पगार तर सगळ्यांनाच मिळतो, वायर सोडवायला उठतं कोण?

पेढे आणले होते, ते तुम्ही घेतले नाहीत. दारावरच्या शिपायानं मात्र दोन घेतले, तेव्हा हिशोब अगदीच कोरा राहिला असं नाही.

मला आता दुसरीकडे काम लागलं आहे, पगार थोडा कमी आहे. पहिली स्लिप हातात आल्यावर त्याच दिवशी मोबाइलवर माझी नोंद उघडून पाहिली. भरली आहे.

आणि एक विनंती. आमच्या शेजारच्या लाइनवरचा एक जण सोमवारी तुमच्याकडे येईल. त्याचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा, कहाणी तीच. सगळ्या स्लिपा महिन्यांप्रमाणे लावून आणायला सांगितलं आहे. प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं काम करून त्याला ऐकू कमी येतं आणि तो ते कबूल करत नाही, नुसती मान डोलावतो. तेव्हा त्याला तोंडी सांगू नका, स्क्रीनच फिरवा. वायर अजून तशीच अडकत असेल तर मी रविवारी लांब वायर आणून त्याच्याकडे देतो.

आपला,
तुमचा एक विमाधारक