तीच वेळ, तीच वाट

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

"सगळं आहे गं इथे, पण करमत नाही," असं तू परवा म्हणालीस. फोनवर अशा बोलण्याला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून लिहायला बसले.

सुट्टी मिळाली की तू शहराचा नवा भाग बघायला निघतेस. जरूर फिर. पण करमायला लागायचं तर रोज नवं बघण्यापेक्षा रोज तेच बघण्याचा उपयोग जास्त, असं माझं ठाम मत आहे.

कामाला निघायची वेळ ठरव आणि ती हलवू नकोस. त्याच वेळी त्याच थांब्यावर उभी राहिलीस की हळूहळू तीच माणसं दिसायला लागतील. छत्री बगलेत धरून वाचत उभे असलेले कुणी गृहस्थ, मुलाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन लगबगीने येणारी कुणी आई. नाव ठाऊक नाही, कधी बोलणं नाही. तरी एखाद दिवशी ती आई दिसली नाही तर नजर रस्त्याकडे जातेच. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये अशाच ओळखीच्या अनोळखी माणसांबद्दल लिहिलं. रोज एकाच स्थानकावर गाडीची वाट बघणाऱ्यांना तिथल्याच गर्दीचे फोटो दाखवले, तर कधीच न बोललेले सरासरी चार चेहरे त्यांनी ओळखले. त्याचं आणखी एक निरीक्षण मला फार भावलं. असा चेहरा रोजच्या जागेपासून लांब, भलत्याच ठिकाणी दिसला, की माणसं आपणहून बोलण्याची शक्यता वाढते. तुझ्याही बाबतीत हे घडेल. तेव्हा संकोच करू नकोस, तूच आधी बोल.

कामावरून घरी येताना अधूनमधून पायी ये, उजेड असताना, आणि मोबाईलवरचा नकाशा बंद ठेवून. चुकलीस तर उघड. मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात; जॉन ओकीफ यांना त्या 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूत सापडल्या आणि 2014 मध्ये त्या कामासाठी नोबेल मिळालं. बाण दाखवेल तिकडे चालताना वळणाकडे आपलं लक्षच नसतं. स्वतः वाट काढलीस, की चढ कुठे सुरू होतो, कुठल्या कोपऱ्यावर एकदम वारं लागतं, फुटपाथची कुठली फरशी हलते, हे सगळं पायांना पाठ होतं.

रविवारची संध्याकाळ मात्र मोकळी सोडू नकोस, एकटेपण तेव्हाच खायला उठतं. वाचनालय, पोहणं, काहीही चालेल, पण दर रविवारी तेच. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18 पुरतात, कुणाला अडीचशेच्या वर. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. तेव्हा इतक्यात करमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

आता एक गोष्ट लिहिते, लिहिताना जिवावर येतं आहे. आम्हाला रोज फोन करू नकोस. संध्याकाळचा तो तास काही दिवस तुझ्या शहराला दे. आठवड्यातले दोन वार आणि वेळ तू ठरव, आम्ही दोघं फोन जवळ घेऊन बसू. कुठले वार ते कळव.

तुझी,
आई