आप्पा, त्या साहेबांना फोन करू नका

चेन्नई,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आप्पा, तुम्ही म्हणालात की जळगावच्या त्या साहेबांची आमच्या खात्यात वरपर्यंत ओळख आहे, त्यांनी एक शब्द टाकला तर कोच पोरीला खात्याच्या बास्केटबॉल संघात खेळवतील. मी गप्प बसले आणि तुम्हाला वाटलं मी हो म्हणाले. मी हो म्हटलेलं नाही. त्यांना फोन करू नका.

आई, आधी तुझ्याशी बोलते. सेमीफायनलच्या दिवशी तू ओट्यावर खाट टाकून, दादाचा मोबाईल डब्याला टेकवून यूट्यूबवर सामना लावलास, काकूंना आणि गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलंस, चहा केलास, हे मला दादाकडून कळलं. तुम्ही सगळ्या शेवटपर्यंत बसलात आणि मी एकदाही मैदानात उतरले नाही. काकूंनी विचारलं, आपली पोर कोणती? तेव्हा तू बोट दाखवलंस ते खुर्च्यांच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीकडे. त्या रात्री तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला फोन केलास तो नेहमीसारखाच, "जेवनी का?" म्हणून. सामन्याचा विषय काढला नाहीस. तू विचारलं असतंस तर मी रडले असते, हे तुला माहीत होतं.

त्या खुर्चीवर मी का बसते ते तुम्हाला सांगायला हवं. कॉलेजच्या संघात मी चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळायचे. विद्यापीठाच्या स्पर्धेत सामना संपेपर्यंत मला कोणी बाहेर काढत नसे. त्यावरच तर ही नोकरी लागली. इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, तिथे खेळले तशीच इथेही खेळेन. आठ महिने झाले. या आठ महिन्यांत सगळे अधिकृत सामने मिळून मी मैदानात होते ती एका सामन्याचीही मिनिटं भरत नाहीत.

आप्पा, हिशेब तुम्हाला लगेच कळेल. सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. एका वेळी आमच्या पाच जणी आत. म्हणजे एका सामन्यात संघाकडे वाटायला २०० मिनिटं असतात. आम्ही बारा जणी. सारखी वाटणी केली तर प्रत्येकीला सोळा-सतरा मिनिटं येतील. पण सारखी वाटणी कुठेच होत नाही. सात-आठ जणींतच सगळी संपतात. तुम्हाला आठवतं, मी सातवीत असताना विहिरीने तळ गाठला होता? रात्रीच्या लाइटीला जेमतेम दोन तास मोटर चालायची. तुम्ही पाणी घड निसवलेल्या केळीच्या बागेला दिलंत आणि नव्या लागवडीचे कोंब माना टाकत होते ते मी रोज शाळेत जाताना बघायचे. मी भांडले होते तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, घड पोसायला आलाय, त्याला आधी. सर मला बसवून ठेवतात तेव्हा मला ते वाक्य ऐकू येतं. राग मात्र तरीही येतो. तेव्हाही आला होता.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. आपल्या देशात बायकांच्या बास्केटबॉलची महिनोन्‌महिने चालणारी मोठी लीग उभी राहिलेली नाही. पगार मिळतो तो खात्याच्या नोकरीतून, आणि स्पर्धा असते आठवडाभराची. बाद फेरीत एक सामना हरलो की सामान बांधायचं. अमेरिकेत बायकांची लीग १९९७पासून सुरू आहे, २०२४च्या मोसमात तिथे प्रत्येक संघ चाळीस सामने खेळला. चाळीस सामन्यांत एखादा सामना आधीच हातात आलेला किंवा हातातून गेलेला असतो, तेव्हा कोच नवीन मुलीला पाच मिनिटं देऊन बघू शकतो. आमच्या सरांकडे तसे सामनेच नाहीत. ही त्यांची बाजू आहे आणि ती मला पटते.

म्हणून तिकडे नव्या मुलींचं सोपं असतं असं समजू नका. त्याच २०२४ साली तिथे बारा संघ होते, एका संघात जास्तीत जास्त बारा जणी. सगळ्या देशात मिळून जागा १४४. त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या, आणि त्या वर्षी निवड केली ती ३६ नव्या मुलींची. नाव पुकारलं जातं, टाळ्या होतात, घरचे रडतात, आणि महिनाभरात सराव शिबिरातूनच कित्येकींना परत पाठवतात. आपल्या गीतू अ‍ॅना जोस, केरळच्या, सहा फूट दोन इंच उंच, भारताच्या माजी कर्णधार. २०११ साली त्यांना तिथल्या तीन संघांनी चाचणीला बोलावलं होतं. करार कोणीच दिला नाही. आमच्या संघातली थोरली खेळाडू, जिला आम्ही सगळ्या चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणतो, तिने गीतूंना खेळताना पाहिलंय. ती म्हणते, गीतू परत आल्या आणि पुन्हा तसाच सराव सुरू केला.

आता माझ्या चुकीचं सांगते, कारण तुम्हाला वाटतंय की माझ्यावर अन्याय होतोय. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सरांनी मला उतरवलं होतं. तो सामना यूट्यूबवर नव्हता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये चेचीचे तीन फाउल झाले, म्हणून तिला बाहेर काढून सरांनी रांगेच्या टोकाला बघून माझं नाव घेतलं. मी टी-शर्ट काढताना इतकी घाईत होते की तो केसांच्या पट्टीत अडकला. आत गेले. माझी मुलगी, म्हणजे त्यांच्यातली जिला अडवायचं काम माझं होतं ती, कोपऱ्यात उभी होती. त्यांच्या गार्डने, म्हणजे बॉल खेळवणाऱ्या मुलीने, ड्राइव्ह मारला, बॉल घेऊन थेट बास्केटकडे घुसली, आमची उंच पोरगी तिला अडवायला सरकली, त्यामुळे बास्केटखालची त्यांची खेळाडू मोकळी झाली. ती जागा भरायचं काम माझं होतं. मी बॉलकडे बघत राहिले. एका पावलाचा उशीर, आणि बास्केटखालून सोपा लेअप, दोन पॉइंट. पुढच्या वेळी पुन्हा तसाच ड्राइव्ह आला. या वेळी मी आधीच आत धावले, गरज नसताना. बॉल कोपऱ्यात गेला, माझी मुलगी एकटी उभी, तीन पॉइंट. पाच गुण गेले. हूटर वाजला, सरांनी मला बोलावलं. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

सर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बस." ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

साहेबांचा शब्द इथे काय करणार, आप्पा? फार तर मला पाच मिनिटं मिळतील. त्या पाच मिनिटांत ते एक पाऊल पुन्हा उशिरा पडलं, तर साऱ्या संघाला कळेल की ही वशिल्याने आत आली. आणि जिच्या वाटची मिनिटं काढून मला देतील, ती चेची असेल. तिचं वय एकतीस. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधून उतरते. सकाळी ऑफिसला सही करायची, संध्याकाळी सराव, घरी चार वर्षांचा मुलगा. माझ्याच जागेवर खेळते ती, म्हणजे मी शिकले तर नुकसान तिचंच. तरी सराव संपल्यावर तीच मला थांबवते. मोबाईलवर माझा तो सव्वा मिनिटाचा तुकडा लावून तिने वीस वेळा थांबवून दाखवला. म्हणाली, तू बॉल बघतेस, तुझी मुलगी बघतेस, मधली रिकामी जागा बघत नाहीस. आणि समोरच्या पोरीच्या डोळ्यांकडे, खांद्यांकडे बघू नकोस, ते फसवतात. कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही.

आता रोज चाळीस मिनिटं आम्ही तेच करतो. एक जण ड्राइव्ह मारते, मी आत सरकते, बॉल कोपऱ्यात जातो, मी परत बाहेर धावते. आधी लांब ढांगा, शेवटच्या दोन मीटरवर बारीक पावलं, हात वर. लांब ढांगेतच पोहोचले तर समोरची एका झुकांडीत मला ओलांडते. दिसायला एवढीशी गोष्ट. बुटांचे तळवे घासून गेले. मागच्या आठवड्यात सरावात मी सलग अकरा वेळा वेळेवर पोहोचले. सर भिंतीला टेकून उभे होते. काही बोलले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिलं.

आई, माझी उंची कमी आहे म्हणून असं होतं का, असं तू दादाला विचारलंस म्हणे. नाही गं. बेकी हॅमन म्हणून अमेरिकेत खेळाडू होती, साडेपाच फुटांची, माझ्यापेक्षा इंचभरच उंच. १९९९ साली निवडीत तिला एकाही संघाने घेतलं नाही. तरी ती न्यूयॉर्कच्या संघात चाचणी देऊन शिरली आणि पहिल्या वर्षी थोरल्या गार्डच्या मागे बसून राहिली. पुढे सोळा मोसम खेळली, आणि कोच म्हणून तिने लास व्हेगासच्या संघाला २०२२, २०२३ आणि २०२५ साली अजिंक्यपद मिळवून दिलं. मी तिच्यासारखी होईन असं म्हणत नाही. उंचीची काळजी करू नकोस एवढंच.

काही रात्री वाईट जातात. तेही तुमच्यापासून लपवत नाही. आपण जिंकतो, सगळ्या घामाने भिजलेल्या असतात, मिठ्या मारतात, आणि माझी जर्सी कोरडी असते. ती मी धुवायला टाकते तेव्हा लाज वाटते. मागे एका रात्री मी घरी यायचं तिकीटही बघून ठेवलं होतं. काढलं नाही. सकाळी साडेपाचला चेचीने दार वाजवलं, मी बूट घातले.

आणखी एक वर्ष मला द्या. लग्नाचं बोलणं करायचं तर करा, मी नाही म्हणत नाही, पण तारीख पुढच्या उन्हाळ्याच्या आत नको. आणि किती पॉइंट केले असं कोणी विचारलं तर, आप्पा, मान खाली घालू नका. पोर शिकतेय म्हणा. ते खरं आहे.

आखाजीला येता येणार नाही, शिबिर आहे. झोका बांधाल तेव्हा दादाच्या छोटीला माझ्या वाटचा झोका द्या. आई, सांजोऱ्या पार्सलने पाठवू नकोस, या उन्हात टिकणार नाहीत. श्रावणात कानबाईला मी नक्की येते, रोट मी आल्यावरच संपवा. आप्पा, पाठीचं दुखणं अंगावर काढू नका, घड उचलायचे नाहीत. मजूर लावा, मी पैसे पाठवलेत.

गुरुवारी संध्याकाळी पाचला सामना आहे. लावलास तर सांगते, आई, मला कुठे बघायचं ते. टाइमआऊट झाला की सगळ्या सरांभोवती गोळा होतात. चेची खुर्चीवर बसते, तिच्या उजव्या खांद्यामागून पाण्याची बाटली धरून एक जण वाकून सरांच्या हातातला फळा बघत असते. चौदा नंबर, केसांना पांढरी पट्टी. काकूंनी विचारलं तर तिच्याकडे बोट दाखव.

तुमची,
सोनू