पटाशी घेण्यापूर्वी

कुडाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे बारा हत्यारांच्या पेटीचे छायाचित्र मिळाले. निवृत्तीनंतर लाकडावर कोरीव काम शिकण्याचा तुझा बेत मला मनापासून पसंत आहे. ती पेटी मात्र घेऊ नकोस. अशा स्वस्त संचांतले पोलाद बहुधा मऊ असते, त्याची धार टिकत नाही आणि निम्म्याहून अधिक हत्यारे पहिले वर्षभर पेटीबाहेर निघतही नाहीत. त्याऐवजी चार-पाच सेंटिमीटर पात्याची एक कोरण्याची सुरी, एक उथळ व एक खोल गोल पटाशी, लाकडी मोगरी, पाण्याचा धारेचा दगड आणि चामड्याची पट्टी एवढेच जमव. चांगल्या गोल पटाशीवर दोन अंक असतात, एक पात्याच्या गोलाईचा आणि दुसरा मिलिमीटरमधल्या रुंदीचा. गोलाईचा ३ म्हणजे जवळजवळ सपाट आणि ९ म्हणजे जवळजवळ अर्धवर्तुळ, हे लक्षात ठेवलेस की दुकानदार तुला गोंधळात टाकू शकणार नाही. सुताराची पटाशी घरात असली तरी तिच्यावर विसंबू नकोस; तिला एकाच बाजूने उतार असल्यामुळे ती लाकडात खोल घुसू पाहते.

आता मुख्य गोष्ट, धार. नवशिक्याला वाटते की आपला हात वळत नाही. दहापैकी नऊ वेळा हात ठीक असतो आणि पाते बोथट असते. सुमारे १००० क्रमांकाच्या दगडावर पात्याचा उतार पूर्ण टेकवून घासत राहा. दुसऱ्या बाजूला धारेच्या संपूर्ण लांबीवर बोटाला बारीक खरखर जाणवली की ती बाजू झाली असे समजावे. मग ४००० किंवा ६००० च्या दगडावर तीच खरखर घालवावी. शेवटी जुन्या पट्ट्याचे चामडे खरबरीत बाजू वर ठेवून फळीला चिकटव, त्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट चोळ आणि पाते मागे ओढत फिरव. पुढे ढकललेस तर चामडे कापले जाईल, आणि ओढ संपताना मनगट उचललेस तर आत्ताच केलेली धार गोल होऊन बसेल. काम चालू असतानाही पंधरा-वीस मिनिटांनी चामड्यावर पाच-सहा हात मारावेत. मग दगडाची गरज फार क्वचित पडते. परीक्षा सोपी आहे. मऊ लाकडात रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवा एक काप घे आणि तो उजेडात तिरपा धर. कापलेला भाग गुळगुळीत चमकला तर ठीक. त्यात पांढुरकी रेघ उमटली तर बरोबर त्या जागी धारेला खाच पडली आहे.

लाकूड मऊ असले की धार कशीही चालते, हा समज तर पहिल्या दिवशीच सोडून दे. इकडे सावंतवाडीची लाकडी फळे ज्या पांगाऱ्याची होतात, ते लाकूड अत्यंत हलके आणि मऊ. पण ताज्या पावाला बोथट सुरी लावली की तो जसा चेपतो, तसे त्याचे तंतू दबतात आणि कापाला लव सुटते. म्हणून तू शिवणीपासून सुरुवात कर. ते फिक्या रंगाचे, हलके, सुरीला मऊ लागणारे आणि वाळताना फारसे न वाकणारे लाकूड आहे. सागात वाळूचा अंश असल्याने तो धार लवकर खातो, आणि शिसव तुझ्या मनगटांना इतक्यात झेपणार नाही.

लाकडाची रेषा ओळखणे हे धारेच्या खालोखाल महत्त्वाचे. काप नेहमी उंच भागाकडून सखल भागाकडे न्यावा. उलट गेलास की पाते तंतूंच्या मधून आत शिरते आणि ढलपी उपटून निघते. तू पहिलाच प्रकल्प म्हणून गणपतीची मूर्ती योजली आहेस. आपल्याकडे प्रत्येकाला तोच मोह होतो, परंतु सोंडेचा बाक जिथे रेषेला आडवा जातो, तिथे तंतूंची लांबी जेमतेम नखाएवढी उरते आणि थोड्याशा धक्क्याने सोंड तुटते. तेव्हा आधी एक कलथा कर, ज्यात रेषा दांड्याच्या लांबीने धावते आणि चूक झाली तरी आमटी ढवळता येते. त्यानंतर फळीवर सुरीने त्रिकोणी खाचांची नक्षी काढ. तीन तिरपे काप एकाच बिंदूत मिळाले की लाकडाचा छोटा तुकडा आपोआप सुटून येतो, आणि यात जे सुख आहे ते पत्रात सांगण्यासारखे नाही. पानाफुलांचा उठाव तिसरा, आणि गणपतीचे त्यानंतर बघू.

उठावाकडे वळण्याआधी एकदा सावकाश विश्रामबागवाडा पाहून ये. पुण्यात राहूनही तू तो रस्त्यावरूनच पाहिला असशील. १८०७ साली बांधून झालेल्या त्या वाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आपण नुसते सुंदर म्हणून सोडून देतो. तू मात्र एकेका पाकळीचा बाक पाहा आणि तो कोणत्या गोलाईच्या पटाशीने एका दाबात निघाला असेल, याचा अंदाज बांध. कोरीव कामाचा नमुना बहुतेक वेळा हातातल्या हत्यारांच्या बाकांवरूनच बेतलेला असतो, हे मला पुस्तकांपेक्षा खांबांनी अधिक नीट शिकवले.

सुरी चालवताना लाकूड धरणाऱ्या हातात काप-रोधक हातमोजा घाल, मात्र तो धारेला अडवतो, टोकाला नाही. मांडीच्या आतल्या बाजूकडे पाते कधीही नेऊ नकोस. पटाशीच्या कामात तर लाकूड शिकंज्यात घट्ट बसवून दोन्ही हात हत्यारावर आणि धारेच्या मागेच असले पाहिजेत. पॉलिश पेपर लावताना मास्क घाल; लाकडाची धूळ कर्करोगास कारण ठरू शकते. कलथ्याला जवसाचे तेल लावलेस तर तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ते वाळताना आतून तापते आणि पेटूही शकते. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

शिवणीचे दोन तुकडे या आठवड्यात पाठवतो. त्यांच्या टोकांना मेण लावले आहे, कारण लाकूड टोकांकडून लवकर वाळते आणि तिथूनच तडकते. काम सुरू करेपर्यंत ते खरवडू नकोस. दगड आणला की आधी घरातल्या भाजीच्या सुरीवर हात बसव, वहिनींचीही सोय होईल. कलथ्याचे छायाचित्र पाठवशील तेव्हा खाली पडलेल्या ढलप्यांचेही पाठव. धार कशी झाली आहे, ते मला त्यांवरून अधिक कळेल.

तुझा स्नेही