तारपा पुन्हा शाळेत येतोय! सभासद व हितचिंतकांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

मागील सभेत ठरल्याप्रमाणे जव्हारचे तारपावाले बाबा (तारपा म्हणजे वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य) आणि त्यांचे पथक यंदाही आपल्या वसईत येत आहे. गेल्या वर्षी दोन शाळा झाल्या, यंदा चार शाळांनी पत्र दिले आहे. मूळ बेत १४ नोव्हेंबरचा, बालदिनाचा होता. पण भाताची झोडणी आटोपून दाणा घरात पडल्याशिवाय पथकातले कोणी हलणार नाही, असे बाबांनी फोनवरच सांगितले. बरोबरच आहे. तारपा मुळात नव्या भाताचा, तो आपल्या शाळांच्या वेळापत्रकाला कसा बांधणार? म्हणून आता डिसेंबरचा दुसरा आठवडा, नाताळच्या सुट्टीच्या आत.

गेल्या वर्षी जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी थोडे लिहितो. डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये आपला तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला, आणि आता आपल्याकडच्या शाळांच्या भिंती वारली चित्रांनी भरल्या आहेत. मधोमध तारपावाला, भोवती वळत गेलेला माणसांचा फेर. मुले तो वहीत डोळे मिटून काढतात. पण त्या वाद्याचा आवाज त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच ऐकला नव्हता. चौथीतल्या एका मुलाला तर इतके दिवस वाटत होते की चित्रातल्या माणसाच्या हातात साप आहे!

बाबांनी तो 'साप' मुलांच्या हातात दिला. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्याला मेण. वाजवताना सूर तुटत नाही, कारण गालात हवा राखून नाकाने श्वास घेत राहायचे असते. पीटीच्या सरांनी सर्वांसमोर करून पाहिले. जमले नाही. मुलांना त्याचाच आनंद जास्त झाला.

मग फेर. एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफायचे आणि तारप्याकडे पाठ करायची नाही. सूर बदलला की पाऊल बदलायचे. एक-दोन-तीन मोजणारे कोणी नाही. गॅदरिंगला स्पीकरवरच्या गाण्यावर पालकांच्या मोबाईलकडे बघत नाचणारी आपली मुले इथे अर्धा तास फक्त त्या म्हाताऱ्या वादकाकडे बघत होती. फोटोत मुलांच्या पाठीच येतात, अशी दोन-तीन पालकांची तक्रार आली. येणारच! तोंड आत असते, म्हणूनच तर तो फेर.

आपल्या मंडळाला हे नवीन नाही. याआधी आपण संबळासह गोंधळी आणले, सिंधुदुर्गातून दशावतारी आणले. संकासुराच्या मागे अख्खी शाळा पटांगणभर धावली होती, ते आज कॉलेजात जाणारी मुलेही सांगतात. हे सगळे देणाऱ्या हातांमुळे झाले. पापडी बाजारातल्या मिठाईवाल्या काकांनी आजवर एकदाही खाऊचे बिल लावलेले नाही, उलट मंडळींना वाटेत लागेल म्हणून वर दोन पुडे बांधून देतात. आगाशीच्या वाडीवाल्या भाऊंनी केळ्यांचे घड आणि पथकातल्या प्रत्येकाला घरी न्यायला सुकेळी (वाळवलेली केळी) दिली. निवृत्त मोठ्या बाईंनी पेन्शनमधून मानधनाचा निम्मा भार उचलला आणि नाव छापू नका म्हणून दम भरला, म्हणून छापत नाही. पण सर्वांना माहीतच आहे. रिक्षा स्टँडवरच्या मंडळींनी शाळा ते हॉल फेऱ्या फुकट मारल्या. या सर्वांचे ऋण मोठे आहे.

आता थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. गेल्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकले तेव्हा हात जोडलेली आणि टाळ्यांची चित्रे भरभरून आली. पावतीपुस्तकाची पाने मात्र तशीच राहिली. त्याच महिन्यात आपल्याच भागात डीजेसाठी वर्गणी एका संध्याकाळी जमली, हेही आम्ही पाहिले. पथकाची बाकी समिती सदस्यांनी पदरचे घालून महिनाभराने चुकती केली. बाबांनी एका शब्दाने विचारले नाही, त्यामुळे आम्हालाच जास्त लागले. यंदा पैसे हातात असल्याशिवाय त्यांना गाडीत बसवायचे नाही, असे समितीने ठरवले आहे.

तपशील : पथक १२ जणांचे, मुक्काम २ रात्री. मानधन ३६,०००, जव्हार-वसई गाडी जाऊन-येऊन १५,०००, जेवणखाण ९,०००, मुलांना तारपा करून बघण्यासाठी भोपळे-बांबू वगैरे ४,०००. एकूण रु. ६४,०००, जमा १७,५००. ३० नोव्हेंबरपर्यंत रक्कम हवी. रोख किंवा चेक वाचनालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती लगेच मिळेल. क्यूआर कोड दारावरच्या फलकावर आहे, पैसे टाकल्यावर नाव कळवावे, नाहीतर पावती कोणाची फाडायची ते समजत नाही. रु. १०० सुद्धा चालतील. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी एका वेळचे जेवण द्यावे, किंवा दोघांची झोपायची सोय करावी.

आपला,
कार्यवाह (समितीच्या वतीने)

ता.क. : गेल्या वर्षी नेलेल्या दोन मोठ्या सतरंज्या अजून परत आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी डिसेंबरआधी आणून द्याव्यात, कोणी काही विचारणार नाही.