सटवीची वही आणि पवित्र शास्त्र

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात भाचीला मुलगा झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाळाला बघायला गेले. कोपऱ्यात पाटा मांडलेला, त्यावर हळदकुंकू, विळा, कोरी वही, पेन. आणि वहीवर आमचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. भाचीची सासू म्हणाली, "पाचवी पुजायलाच पाहिजे ताई, सटवी लेख लिहायला येते. शास्त्र ठेवलंय की वर, काय बिघडतंय?" बाळंतिणीच्या घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं टोचतंय, म्हणून हे पत्र.

शेजारची हिंदू घरं पाचवी पुजतात ती त्यांच्या श्रद्धेनं. त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मला बोलायचंय आमच्या मंडळीशी. रविवारी प्रभू माझा मेंढपाळ म्हणायचं आणि घरी लेकराचं नशीब सटवीच्या हाती द्यायचं? अमावस्येला नवं काम काढायचं नाही, दारात लिंबू दिसलं की करणी!

मी चौतीस वर्षं नर्स होते. ज्या मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला, त्याच मिरजेत काविळीचं पोर गळ्यात माळ घालून आठ-दहा दिवस घरीच ठेवलेले ख्रिस्ती आईबाप मी पाहिलेत. माळ वाढली की कावीळ उतरली म्हणे. अहो, देठ वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. एका पोरीचे पिवळेजर्द डोळे मला अजून दिसतात.

जुनं सगळं टाका, असं मी म्हणत नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. त्यांच्या ओळी गाताना आजही माझा गळा दाटतो. रांगोळी, टाळ, पुरणपोळी यांनी कुणाला घाबरवलेलं नाही. माझं भांडण भीतीशी आहे, आणि ती आमच्याच वस्तूंत शिरलीय. शास्त्र उशाखाली ठेवायचं, उघडायचं मात्र नाही. प्रार्थनेच्या तेलाची बाटली चौकटीला टांगायची. शास्त्रातच आहे, मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळी साप केला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे, अध्याय १८). विळ्याशेजारचं शास्त्र पाहून मला तो साप आठवला.

सांगली-मिरजेच्या चर्चमधल्या पाळकांना हात जोडून विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीत सटवी, करणी, अमावस्या ही नावं घेऊन बोला. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या घरी जा. त्या रात्री आई आणि आजी खरोखर भ्यालेल्या असतात. त्यांच्याजवळ बसून स्तोत्र १३९ वाचा. माझा एकही दिवस उगवण्याआधी ते सगळे देवाच्या वहीत लिहिलेले होते, असं त्यात आहे.

उशीर झालाय, पण येत्या रविवारी भाचीकडे जाऊन मी तेच वाचणार आहे.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज